सुईवरचा बुक्का

जो शब्दाच्या आधी होता आणि शब्द विरल्यावरही उरतो, ज्याला रूप नाही तरी जो झांजेच्या दोन वाट्यांमधल्या पोकळीत येऊन बसतो, त्या नादरूप नारायणाला माझा दंडवत. औंधच्या डोंगरावरून खालच्या माणसांची हाक ऐकणाऱ्या आई यमाईला दंडवत. आई, जे कानांनी ऐकले तेवढेच माझ्या मुखातून येऊ दे. त्यात पदरचे काही मिसळू देऊ नकोस.

आता ज्यांचे चरित्र सांगायचे, त्यांचे नाव मधुकर गोवंडे. सांगलीजवळच्या माधवनगरात एका कापडगिरणीत त्यांनी एकतीस वर्षे फिटरचे काम केले. माग बिघडला की इतर फिटर पाने घेऊन धावत. मधुकरराव लाकडाची एक दांडी मागाला टेकवून तिचे दुसरे टोक कानाशी धरत, डोळे मिटत, आणि म्हणत, "तिसऱ्या बेअरिंगमध्ये रडतंय." उघडून पाहावे तर तिथेच दोष असे. लोखंडाचे रडणे ऐकणारा हा कान. पण घरातल्या माणसाने काही सांगितले की हो किंवा बरं, याच्या पलीकडे तोंडून शब्द निघायचा नाही. आणि पत्नीला नावाने हाक? त्या पिढीत ती रीतच नव्हती. "अगं" एवढ्यावर त्यांचा सारा संसार झाला.

पत्नी म्हणजे विनोदिनीबाई. त्या कीर्तनकार होत्या. माझ्या हातात पहिली झांज त्यांनीच ठेवली, म्हणून हे सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे. बाई उभ्या राहिल्या की देऊळ उभे राही. नमनाला आवाज पणतीसारखा, आख्यानाला मशालीसारखा. गावोगावची बोलावणी येत. मधुकररावांना त्याचा अभिमान होता आणि तोच त्यांना बोचतही होता. बायकोला ऐकायला हजार माणसे जमतात आणि आपल्याला कोणी ओळखत नाही, हे काही सोपे दुःख नव्हे.

एकसष्ट सालची गोष्ट. औंधास देवीच्या उत्सवात बाईंचे कीर्तन ठरले. पुण्याकडचा कोणी हौशी गृहस्थ ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन येणार होता. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळ्या रोगणाचा थर, त्यावर समोरच आवाज कोरायचा. एकच तबकडी, दुसरी प्रत नाही. बाईंनी आयुष्यात एकदाच पतीला आग्रह केला की या कीर्तनाला तुम्ही याच. मधुकररावांनी सांगितले, गिरणीत माझी पाळी आहे. पाळी नव्हती. दिवसभर ते घरात बसून राहिले आणि संध्याकाळी सायकल पुसली.

तबकडी घरी आली. घरात ती वाजवायचे यंत्र नव्हते, आणि घेऊ या म्हटले तर बाई हसत. मी समोर असताना पेटीतून कशाला ऐकता, म्हणत. ऐकाल कधीतरी. अशी दहा वर्षे गेली. एकाहत्तरच्या माघात तीन दिवसांच्या तापाने बाई गेल्या. या वेळी मधुकररावांची पाळी खरीच होती. निरोप पोहोचला आणि ते घरी आले तोवर दिवा लावून झाला होता. पाच वर्षांची सई उंबऱ्यावर बसून होती.

पुढच्या वर्षी त्यांनी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणला. त्याचा दांडा, म्हणजे टोकाशी सुई धरून तबकडीवर चालणारा हात, जाड आणि बोजड होता. तबकडी संपत आली की आतल्या कळीने तो आपोआप उठे आणि जागेवर जाऊन बसे. तेव्हापासून नेम झाला. माघ वद्य पंचमीला श्राद्धाचा स्वयंपाक, पितरांचे पान, जेवणे, आणि मग भर दुपारी, दारे लोटून, ती तबकडी एकदाच. वर्षातून एकदाच. मी दरवर्षी जात असे.

दोन गोष्टी तिथे पाहिल्या, त्या नीट सांगतो, कारण सारी कथा त्यांवर उभी आहे. सुई पूर्वरंगात एका जागी उडी मारी, म्हणून मधुकररावांनी दांड्याच्या डोक्यावर एक तांब्याचा पैसा मेणाने बसवला होता. तो बाईंच्या शेवटच्या आरतीच्या तबकातला होता. आणि तबकडी संपली की सुईच्या टोकाशी काळी, मऊ भुकटी साचलेली असे. कीर्तनात बुक्का लावतात ना, अगदी तशी. मधुकरराव ती बोटावर घेत आणि कपाळाला लावत. एकदा सईलाही लावली. मलाही लावली. बाईंच्या कीर्तनाचा बुक्का, म्हणत. आम्ही हात जोडले.

तिसरी गोष्ट पाहिली नाही, ऐकली. जयजयकार होई, झांज थांबे, देवळातला गलबला विरे. मग दोन क्षण नुसती खरखर. आणि त्या खरखरीच्या तळाशी, दांडा उठण्याच्या अगदी आधी, कोणीतरी श्वास घेई. बोलण्यासाठी घेतात तसा. पुढे एक अक्षर फुटते न फुटते तोच कळ सुटे, दांडा उठे, आणि खोलीत काही उरत नसे. पहिल्या वर्षी मला भास वाटला. दुसऱ्या वर्षी मी मधुकररावांकडे पाहिले, तर ते दाराकडे पाहत होते. त्या विषयी कोणी काही बोलले नाही. कीर्तन जयजयकाराने संपते, ही आपली रीत. त्यापुढे ऐकायचे काय असते? माणसे उठतात, प्रसादाला हात पुढे करतात. तबकडीलाही आम्ही तोच न्याय लावला.

बावीस वर्षे अशी गेली. सई मोठी झाली, साताऱ्यात शिक्षिका झाली, तिथेच तिचे लग्न झाले. पंचमीला मात्र ती माहेरी येई. त्र्याण्णवच्या पंचमीला बाईंचा आवाज फाटला. नमनातल्या वरच्या स्वराला जुने धोतर फाटावे तसा आवाज आला आणि सई उठून आत गेली. त्या दिवशी बुक्का नेहमीपेक्षा जास्त निघाला.

सईने साताऱ्यात चौकशी केली; तिथे काय घडले, ते मला पुढे तिनेच सांगितले. राजपथाच्या आतल्या गल्लीत आप्पासो नावाचे एक निवृत्त जवान रेडिओ दुरुस्त करत. फौजेत वीस वर्षे सिग्नलमध्ये होते. दिवाळीनंतर मधुकरराव प्लेअर पेटीत आणि तबकडी मांडीवर घेऊन एसटीत बसले. उंब्रजला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, हे उतरले नाहीत. मांडीवर निजलेले मूल असल्यासारखे दोन्ही हात तबकडीवर ठेवून बसून राहिले.

आप्पासोंनी दांडा बोटावर तोलला, त्यावरचा पैसा पाहिला, आणि हसले. "आवं मधुकरराव, ह्यो दांडा न्हाई, ह्यो नांगर हाय. आन् वर तुमी दगूड ठिवून नांगरताय."

सई हसली. मधुकरराव हसले नाहीत. आप्पासोंनी घड्याळजीचे भिंग डोळ्याला लावून सुई पाहिली, मग तबकडी पाहिली, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरची चेष्टा उतरत गेली. सुईला लागणारी काळी भुकटी तुम्ही पुसून टाकता का, असे त्यांनी विचारले. मधुकररावांनी खरे ते सांगितले, की टाकत नाही, कपाळाला लावतो.

आप्पासो मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "ती भुकटी न्हवं, साहेब. त्यो बाईंचा आवाज हाय. रोगण खरवडून निघतंय. दर साली थोडा थोडा काढून तुमी कपाळाला लावताय."

सज्जनहो, गळ्यातल्या माळेचा दोर आपणच कुरतडत होतो, हे कळल्यावर जपणाऱ्याचे काय होते? बावीस पंचम्यांचा बुक्का मधुकररावांच्या कपाळावर एकदम जड झाला. त्यांनी नकळत तिथे हात नेला आणि तो तसाच राहिला.

आप्पासोंकडे दुसरा दांडा होता. एका कॉलेजने मोडीत काढलेल्या यंत्रावरचा, विलायती, बारीक नळीचा, मागे लहानसे वजन. सुई मोरपिसासारखी टेकेल, म्हणाले. उरलेला आवाज तुमच्या नातवंडांनाही पुरेल. फक्त एक, ह्याला उठवायची कळ नाही. शेवटपर्यंत जाईल, आणि उठवायचा तो हाताने.

"शेवटपर्यंत म्हणजे?" सईने विचारले.

तेव्हा आप्पासोंनी तिच्या हाती भिंग दिले. तबकडीच्या आतल्या कडेजवळ आठ वेढे निराळे दिसत होते. बाकीची सारी चरी राखाडी, झिजलेली, आणि हे आठ वेढे काळेशार, ओले असावेत तसे चकाकणारे. तिथवर सुई कधी गेलीच नव्हती. आणि ते सरळ नव्हते, थरथरलेले होते. तिथे आवाज होता. त्यांनी समजावले, की उसाच्या एका सरीतले पाणी शेजारच्या सरीत पाझरते, तसा पुढच्या वेढ्याचा आवाज आदल्या वेढ्यात पाझरतो. तुम्ही तो श्वास ऐकत असाल तर तो ह्या आठांतल्या पहिल्याचा. ह्यांच्या पुढे नुसती गोल बांगडी आहे, सुईने तिथेच फिरत राहावे म्हणून. तिच्यापुढे काही नाही.

मग ते मधुकररावांकडे वळले. आवाज खाली आला होता. "एक इचारू? तुमी फिटर. ती उठायची कळ काढाया तुमास्नी पाच मिन्टं लागली नसती. बावीस सालं का न्हाई काढली?"

मधुकररावांनी दांडा उपरण्यात गुंडाळून घेतला आणि गाडीची वेळ विचारली.

तो दांडा देवघराच्या कोनाड्यात तीन महिने तसाच पडून राहिला. सई दर पत्रात विचारी, बसवला का? उत्तर येई, पाहतो. मी एकदा माधवनगरात गेलो तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि पुष्कळ वेळाने, खिडकीबाहेर पाहत, औंधाला न गेल्याची ती गोष्ट सांगितली. ती पाळीची लबाडी मी त्या दिवशी प्रथम ऐकली.

"बुवा, त्या श्वासापुढे ती काय म्हणते ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "का आला नाहीत, असं ती विचारते. माझी सगळी हयात ती विचारायच्या बेतात आहे. विचारू दिलं, की मग उत्तर द्यावं लागेल. आणि उत्तर ऐकायला ती कुठे आहे?"

मी मान वर केली.  भिंतीवरच्या खुंटीला बाईंची झांज टांगलेली होती, आणि मधुकरराव बोलायचे थांबल्यावर मला वाटले, की खोलीत आणखी कोणीतरी बोलायचे थांबले आहे.

चौऱ्याण्णवची पंचमी आली. त्या दिवशी गावातल्या यंत्रमागांना सुटी होती. माधवनगरात राहणाऱ्याला मागांची खडखड ऐकूच येत नाही, इतकी ती अंगात मुरलेली असते. ती थांबते तेव्हा ऐकू येते. त्या दुपारी घरावर अशी शांतता होती, की पितरांच्या पानावरचा भात निवताना ऐकू यावा. कावळा लगेच शिवला. जेवणे झाली. प्लेअरवर जुनाच दांडा होता, त्यावर पैसा होता, आणि मधुकररावांनी तबकडी काढायला हात घातला.

सई पुढे आली आणि तिने तबकडीवर तळवा ठेवला. ती रागावलेली नव्हती. "बाबा, मला आईचा कीर्तनातला आवाज माहीत आहे. तो सगळ्या गावाला माहीत आहे. ती बोलायची कशी, हे मला आठवत नाही. एकदा ऐकू द्या. मग ती तुम्हाला रागावली, तरी मी शेजारी आहे."

मधुकररावांनी तबकडीवरचा हात मागे घेतला.  मग ते आतून आपली जुनी हत्यारपेटी घेऊन आले. मांडी घालून बसले. आधी त्यांनी जुन्या दांड्यावरचा पैसा नखाने सोडवला, पुसला आणि देवापुढे ठेवला. मग नांगर उतरवला. नव्या दांड्याची बैठक त्यांनी आधीच करून ठेवलेली होती. मागाच्या जुन्या धोट्याच्या लाकडाची, घासून, तेल पाजून. तीन महिने ते पाहतो, पाहतो म्हणत होते आणि हात मात्र काम करत होते. सईने ते पाहिले आणि तोंड फिरवले.

सुई टेकली. खरेच मोरपिसासारखी टेकली. नमन सुरू झाले. आवाज झिजलेला होता, पण फाटला नाही. तो जणू दूर, धुक्याच्या पलीकडे उभा राहून गात होता. पूर्वरंग झाला, आख्यान झाले, जयजयकार झाला. गलबला विरला. खरखर. आणि तो श्वास.

जिथे बावीस वेळा अंत झाला होता, तिथे या वेळी अंत झाला नाही. दांडा पुढे सरकला.

आणि खरखर एकदम थांबली. कोणी पडदा बाजूला सारावा तशी. न झिजलेल्या, न चाललेल्या त्या वाटेवर आवाज इतका स्वच्छ आला, इतका जवळ, की आम्ही तिघांनीही यंत्राकडे न पाहता दाराकडे पाहिले. बाई धुक्यातून निघून खोलीत आल्या होत्या. कीर्तनाचा आवाज नव्हे तो. चुलीपाशी बसून बोलतात तसा, थकलेला, हसरा.

"थोडी जागा उरली आहे, काही बोला म्हणतात. अहो, तुमची पाळी नव्हती, मला ठाऊक आहे. मी मनात काही धरलेलं नाही. पुढच्या रांगेत तुमची जागा राखली होती. हे ऐकाल तेव्हा मी शेजारीच असेन. नसले, तर नावाने हाक मारा."

एवढेच. आठ वेढे संपले आणि सुई त्या गोल बांगडीत शिरली, जिच्यापुढे काही नाही असे आप्पासो म्हणाले होते. जुना दांडा आपोआप उठत असे. शेवट कोणाला करावा लागत नसे. हा उठणार नव्हता. तो फिरत राहिला. सईने पदर तोंडाला लावला होता. तबकडी फिरत होती, आणि मधुकरराव वाकून, मागाला लावत तसा, तिच्याजवळ कान नेत होते.

मग त्यांनी हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदा, चाळिसाव्या वर्षी, नावाने.

"विनोदिनी."

खुंटीवरची झांज अगदी बारीक गुणगुणली. खोलीत वारा नव्हता, दारे लोटलेली होती. आणि त्या बांगडीतून, जिथे काही असायला नको होते, दर फेऱ्याला एक श्वास येऊ लागला. अगदी पुसट. पण आधी तो बोलण्यासाठी घेतलेला श्वास असे. हा तसा नव्हता. बोलून झाल्यावर माणूस सोडते, तसा होता. मागचा आवाज पुढे पाझरला असेल. मी कीर्तनकार आहे, यंत्रज्ञ नाही. जे ऐकले तेच सांगितले; सुरुवातीला देवीजवळ मागितले तसे, पदरचे काही घातलेले नाही.

मधुकररावांनी अकरा फेरे ऐकले. मग दोन बोटांनी, निजलेल्या मुलाच्या मानेखालून हात काढावा इतक्या हळू, त्यांनी दांडा उचलला. त्यांनी सुईचे टोक पाहिले. तिथे बुक्का नव्हता. टोक स्वच्छ होते. त्यांनी तरीही कपाळाला हात लावला, आणि सईला म्हणाले, "आता मी सांगतो ती बोलायची कशी. बैस."

आणि तो अबोल माणूस दिवे लागेपर्यंत बोलत होता. मी मधेच उठलो. ते बोलणे त्या घराचे होते.

हे नादरूप नारायणा, हे यमाई माउली, या मधुकरावर छाया धर. त्याचा कान असाच जागा ठेव आणि त्याची वाचा पुन्हा बंद होऊ देऊ नकोस. सईचे घर साताऱ्यात आणि माहेर माधवनगरात, दोन्हींकडे चूल पेटती राहो, पान वाढलेले राहो, हाकेला ओ देणारे माणूस राहो. जी पुढे गेली तिला तुझ्या पायाशी जागा दे, आणि त्या घरात तिच्यासाठी राखलेली जागा कधी रिकामी वाटू देऊ नकोस. त्या उंबऱ्याच्या आतल्या सगळ्यांचे, दिसणाऱ्यांचे आणि न दिसणाऱ्यांचे, कल्याण असो.